जावामधली पाणीपाळी

आमच्या धंद्यात सांगण्यासारखं काही घडत नाही असा एक समज आहे, आणि तो फारसा चुकीचा नाही. डॉक्टरांकडे रोगी असतात, वकिलांकडे अशील असतात, पोलिसांचं तर बोलायलाच नको. सॉफ्टवेअर लिहिणारी बाई सकाळी खुर्चीत बसते आणि संध्याकाळी त्याच खुर्चीतून उठते. मध्ये जे काही होतं ते तिच्या डोक्यात आणि समोरच्या पडद्यावर होतं. ते सांगायला गेलं की ऐकणारा दोन मिनिटांत चहाचं विचारतो. तरीही दिवाळीच्या निमित्ताने हे धाडस करते आहे. फराळ चालू असेल तर वाचणाऱ्याचा वेळ अगदीच वाया जाणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे, बॅटरीच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खालून ॲसिडचा वास वर यायचा, पण लाइट गेली की खालच्याच बॅटऱ्यांवर आमची कॉम्प्युटरं चालायची, त्यामुळे वासाबद्दल कुणी तक्रार करत नसे. मालक शिरीष सर. मुंबईची नोकरी सोडून आईच्या आजारपणासाठी गावी परतलेले. त्यांनी येताना दोन गोष्टी आणल्या होत्या, एक दमा आणि दुसरी जावा ही नवी प्रोग्रॅमिंगची भाषा. मी मेढ्याची, कराडला इंजिनिअरिंग करून नुकतीच लागलेली. 'जावा शिकतेय' असं घरी सांगितलं तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी जावा नावाची फटफटी चालवायला लायसन्स लागतं याची आठवण करून दिली. मावशी म्हणाली, "जावा-जावांचं शिकाय कशाला पायजे कालेज? लगीन झालं की येतंय आपसूक."

ही भाषा काय होती ते थोडक्यात सांगते. त्याआधीच्या भाषांत प्रोग्रॅम एका जातीच्या कॉम्प्युटरसाठी लिहिला की तो दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरवर चालत नसे, पुन्हा लिहावा लागे. जावाचं म्हणणं असं की एकदा लिहा आणि कुठेही चालवा. आमचा अनुभव थोडा वेगळा होता. एकदा लिहायचं आणि मग एसटीने गावोगाव जाऊन दुरुस्त करायचं. एका पडद्यावर नीट दिसणारं बटण दुसऱ्यावर अर्धं कापलं जायचं. मराठी अक्षरं तर तिला जुळवताच येत नसत, म्हणून आम्ही मराठी शब्द चित्रासारखे चिकटवायचो. दुसरी गोष्ट, या भाषेत आधी साचा करायचा आणि मग साच्यातून हव्या तेवढ्या वस्तू पाडायच्या, करंजीसारख्या. फरक एवढाच की आमच्या करंजीला आपलं आपलं काम ठाऊक असतं. साच्याला वारसाही असतो, थोरल्याचे गुण धाकट्यात उतरतात. आपल्याकडे वारस म्हटलं की तलाठी आणि कोर्ट डोळ्यांपुढे येतं. जावात वारसा निमूटपणे मिळतो, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटत आला आहे.

गिऱ्हाइकं मात्र इथलीच होती. निवृत्त सुभेदार साहेबांचंच बघा. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना ते पहारेकरी पुरवत, आणि पहाऱ्याच्या पाळ्या आम्ही कॉम्प्युटरवर लावून दिल्या होत्या. काही पुसायचं असेल तर प्रोग्रॅम विचारायचा, 'खात्री आहे का?' सुभेदारांना ते खपलं नाही. "हुकूम एकदाच देत्यात. ह्यो कोन उलटा इचारनारा?" आम्ही तो प्रश्न काढून टाकला. आठवड्याच्या आत त्यांनी एका हुकमात सगळे पहारेकरी पुसले. मग स्वतःच जिना चढून आले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "इचाराय पायजे व्हतं त्यानं." आम्ही प्रश्न पुन्हा घातला, शब्द तेवढे बदलले. 'आज्ञा असेल तर पुसू का, साहेब?' त्यानंतर त्यांची कधीच तक्रार आली नाही. कॉम्प्युटरशी माणसाचं भांडण बहुतेक वेळा मानापमानाचं असतं, हे मी तिथे शिकले.

आता मुख्य गोष्ट. उंब्रजच्या पुढे नदीकाठी एका गावात पाणीपुरवठा संस्था होती. नदीवर पंप, वर टाकी, टाकीतून पाट, आणि पाटावर वीस-बावीस दारं. दार म्हणजे शेतात पाणी वळवायची जागा. तिथे फावडं घेऊन उभं राहण्याला दारं धरणं म्हणतात. पाणी सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून पाळ्या. शेजपाळीचा नियम असा की पाणी पाटाच्या शेपटाकडून सुरू करायचं आणि शेजारी-शेजारी करत टाकीकडे यायचं. टाकीजवळच्याने आधी घेतलं तर शेपटापर्यंत काही पोचत नाही, हे आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. शिरीष सर 'पाळी' हा शब्द माझ्यासमोर उच्चारताना चाचरत आणि 'टर्न, टर्न' म्हणत. मी शेवटी साच्यालाच 'पाळी' नाव दिलं, तेव्हा कुठे त्यांची भीड चेपली.

संस्थेचे अध्यक्ष अण्णा. माणूस मोकळा, खायला घालणारा. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलीने एक कॉम्प्युटर भेट दिलं होतं, आपल्याकडे कुणाकडेच नसलेल्या जातीचं. ते संस्थेच्या ऑफिसात टेबलक्लॉथ पांघरून बसलेलं असे. पंपांची आणि विजेची देखभाल सांगलीचा एक इंजिनिअर बघायचा, त्याच्याकडे सर्वसाधारण कॉम्प्युटर. दोन्हीकडे एकच प्रोग्रॅम चालायला हवा होता. शिरीष सरांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, "जावा!" अण्णांनी मान डोलावली. त्यांना बहुतेक फटफटीच आठवली असावी.

पाळी कुणाची, तर सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्या खातेदाराची, असं संस्थेने लिहून दिलं होतं. त्यात मी एक गोष्ट हट्टाने घालायला लावली, ती उसन्या पाळीची. उंब्रजला माझं आजोळ, तिथलं मी बघितलेलं होतं. घरात लग्न असलं, मयत झाली, की माणूस आपली पाळी शेजाऱ्याला उसनी देतो आणि पुढे कधीतरी परत घेतो. संस्थेच्या नियमात हे नव्हतं, गावात मात्र सर्रास चालायचं. म्हणून खातेदाराने संस्थेच्या ऑफिसच्या खिडकीवर यायचं आणि बाबूला सांगायचं, अशी सोय केली. बाबू हा संस्थेचा पाटकरी, म्हणजे पाण्याची वाटणी बघणारा माणूस. पाट हिंडून झाला की तो एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, नावं टाइप करी.

प्रोग्रॅम चालू झाला. लोक खूश, अण्णा खूश. उन्हाळ्याच्या मध्यावर मी एक कापलं गेलेलं बटण दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा खिडकीवर एक बाई आली. तिशीची असेल, पदर कमरेला खोचलेला, पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले. तिने बाबूला बाजूला सारून थेट मला विचारलं, "तुमीच का त्या मशीनवाल्या बाई?"

मी हो म्हटलं.

"मग माझं पानी दुसऱ्याला का दिलं तुमच्या मशीननं?"

तिचं नाव सुमन. पाटाच्या अगदी शेपटाला त्यांचं रान. त्या गावात बौद्ध मंडळींची रानं शेपटालाच होती आणि ती तिथेच का होती हे वेगळं सांगायला नको. नवरा फौजेत, दूर सरहद्दीवर. रान दोघा भावांचं सामाईक, सातबाऱ्यावर थोरल्या दिराचं, भीमरावचं नाव. भीमराव कराडला कामाला होता. कसायची सुमन. भीमरावने खिडकीवर येऊन त्या रानाची मागची पाळी उसनी दिली होती आणि पुढचीही देऊन टाकली होती. कुणाला, तर टाकीजवळच्या उसाला. ऊस अण्णांचा.

"भुईमुगाला आऱ्या सुटल्यात," ती म्हणाली. आऱ्या म्हणजे जमिनीत उतरणारी ती कोवळी टोकं, ज्यांना पुढे शेंगा धरतात. "मागलं पानी चुकलं. आता ह्येबी चुकलं तर माती आवळंल, आरी आत शिरायची न्हाई. मग नुसता पालाच ऱ्हाईल हातात. बाबू, तूच सांग, त्या रानात दारं कोन धरतंय? भावजी कवा आलाय तिकडं?"

बाबू पाटाकडे बघत म्हणाला, "व्हय, वैनीच धरती. पर मशीन खातेदाराचं नाव इचारतंय. म्या काय करू?"

संस्थेने लिहून दिलेल्या नियमाप्रमाणेच प्रोग्रॅम वागला होता. मला मात्र राग आला, आणि तो भीमरावपेक्षा साच्यावर जास्त आला. पाळी कागदावरच्या नावाला चिकटवली होती. ती चिकटायला हवी होती दार धरणाऱ्याला. उसनं देण्याचा अधिकार त्याचा, जो उन्हात उभा राहतो. उपाय अवघड नव्हता. साच्यात आणखी एक नाव घालायचं, कसणाऱ्याचं, आणि उसनं द्यायचं किंवा परत घ्यायचं तर त्यालाच विचारायचं. शिरीष सरांना फोन केला. ते म्हणाले, "संस्था मान्य करत असेल तर कर. आपण नोकर आहोत, न्यायाधीश नाही."

अण्णा दुपारचे ऑफिसात आले. मी सगळं सांगितलं. टाकीजवळचा ऊस त्यांचा आहे हे मला माहीत असल्याचं दाखवलं नाही, त्यांनीही दाखवलं नाही. ते शांतपणे ऐकत होते. 'कसणारा' हा शब्द आला तसा त्यांचा चेहरा बदलला.

"पोरी, ही अक्षरं कागदावर आनू नगंस," ते म्हणाले. "कसनारा म्हनून नाव लागलं की उद्या कूळ लागतंय. भीमराव तुला आन मला दोघांस्नी कोर्टात वडंल."

ते खरं होतं. दुसऱ्याची जमीन कसणारा कूळ म्हणून तिच्यावर हक्क सांगू शकतो. 'कसणारा' या एका शब्दावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चाललेले आहेत. पण अण्णांच्या भीतीचं मूळ भीमराव नव्हता. मला तोवर पाटावरची सगळी दारं पाठ झाली होती. अण्णांचं रान एका नावावर नव्हतंच. एकाला किती जमीन ठेवता येते ते ठरवणाऱ्या सिलिंगच्या कायद्याच्या वेळी ते बहिणीच्या, मेहुण्याच्या, पुण्यातल्या पुतण्यांच्या नावावर वाटलं गेलं होतं. कसणारा कोण असं लिहायला बसलं असतं तर निम्म्या पाटावर एकच नाव आलं असतं.

मी विचारलं, "अण्णा, तुमच्या पुतण्यांच्या दारांच्या पाळ्या उसन्या द्यायच्या तर पुतण्यांना पुण्याहून यावं लागेल. आजवर कोण यायचं?"

बाबूने खाली मान घातली. अण्णा मोठ्याने हसले. "लय बेरकी हायेस गड्या तू. मेढ्याची न्हवं? डोंगरातली मानसं गप असत्यात, पर चुकत न्हाईत."

मग मी त्यांना जावातली एक सोय समजावून सांगितली. साच्यातली एखादी गोष्ट खासगी ठेवता येते. ती वस्तूच्या आत असते. बाहेरच्या कुणाला ती वाचता येत नाही, पडद्यावर येत नाही, कागदावर छापली जात नाही. बाहेरच्याने फक्त विचारायचं, या माणसाला पाळी देता येईल का? आतून उत्तर येतं, हो किंवा नाही. का, ते सांगितलं जात नाही. कपाटातल्या फायली उचकटण्याऐवजी कपाटाच्याच कारकुनाला विचारल्यासारखं. कसणाऱ्याचं नाव तसं ठेवू. कुठेच दिसणार नाही.

"कागद निघनार न्हाई?"

"नाही."

"तपासनीस आला तर?"

"त्याला फक्त खातेदार दिसतील."

खरं सांगायचं तर फाइल उघडून वाचणारा माणूस ते नाव शोधू शकला असता. पण असा माणूस तेव्हा अण्णांच्या तालुक्यात नव्हता, आणि तपासनिसांत तर नव्हताच. अण्णांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि हात हलवला. म्हणजे चालू दे. त्यांना नातेवाइकांच्या नावावरच्या दहा दारांचा कारभार एका हाती मिळाला होता आणि त्यासाठी एक दार सोडायला त्यांची तयारी होती. हिशेब त्यांच्या बाजूने होता, मी तरी तो तसाच मांडला होता. देवाणघेवाणीत नीतीची भर घालून समोरच्याला लाजवायचं नाही, हे मी सुभेदारांकडून शिकले होते.

साताऱ्याला परत येऊन आम्ही फेरफार केला. पाळीचा साचा माझा, नावं पडताळायची ओळ शिरीष सरांची. चार नावं प्रोग्रॅममध्येच लिहून तपासलं. योग्य माणसाला हो, इतरांना नाही. दुसऱ्या दिवशी मी डिस्क घेऊन गेले. बाबू एकेका दाराला कोण धरतं ते सांगत गेला आणि मी ते आत घालत गेले. घातलं की अदृश्य. शेपटाच्या दाराला मी सुमनचं नाव घातलं. तिची पाळी एका दिवसावर आली होती.

ती खिडकीवर आली तेव्हा भीमरावही आला होता. गावात बातमी पाण्याच्या आधी पोचते. पाच-सहा माणसं कट्ट्यावर बसून तमाशा बघायला तयार. बाबूने भीमरावचं नाव टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं, 'अधिकार नाही'. सुमनने माझ्याकडे बघितलं. बाबूने तिचं नाव टाइप केलं, उसनी पाळी परत घेण्यासाठी.

'अधिकार नाही.'

कट्ट्यावर कुणीतरी हसलं. भीमराव म्हणाला, "बगा. मशीनला बी कळतंय."

बाबूने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.  सुमन माझ्याकडे बघतच राहिली आणि माझे कान तापले. अण्णा पायरीवर उभे होते. ते म्हणाले, "उद्या सकाळी पानी सुटनार. मशीन न्हाई म्हनलं तर जुनंच चालू ऱ्हाईल." म्हणजे पाणी उसाला.

चूक कुठे आहे ते मला साताऱ्याला परतताना एसटीतच उमगलं. जावामध्ये 'सारखं आहे का' हे विचारायच्या दोन रीती आहेत. एका लग्नाच्या दोन पत्रिका समजा. एक रीत विचारते, या दोन्हींवरचा मजकूर सारखा आहे का? उत्तर हो. दुसरी विचारते, हा तोच कागद आहे का? उत्तर नाही, कारण कागद दोन आहेत. शिरीष सरांनी दुसऱ्या रीतीने विचारलं होतं. साताऱ्यात नावं प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असल्याने जावाने काटकसर करून एकच कागद दोन्हीकडे वापरला, म्हणून जमलं. इथे बाबूने खिडकीवर नाव नव्याने टाइप केलं. नाव तेच, कागद वेगळा. ही चूक जावावाल्यांखेरीज जगात कुणी करत नाही, आणि जावावाला ती एकदा केल्याशिवाय राहत नाही. सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि दम्याचा फवारा शोधू लागले.

एक ओळ बदलली. सकाळच्या पहिल्या एसटीने मी परत गेले. पंप सुरू झाला होता, टाकी भरत होती. सुमन खिडकीशी फावडं घेऊन उभी होती, अण्णांचा गडीही फावडं घेऊन उभा होता. बाबूने एका बोटाने तिचं नाव टाइप केलं. 

'पाळी परत.'

गड्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि तो निघून गेला. अण्णा आतून ओरडले, "बाबू, शेपटाकडनं सोड रं." मला फार आनंद झाला. कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही झाला नव्हता एवढा. आपण लिहिलेल्या ओळीमुळे पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला वळलं, हे आमच्या धंद्यात फार थोड्यांना डोळ्यांनी बघायला मिळतं.

सुमन मात्र जागची हलली नव्हती. ती पडद्याकडे वाकून बघत होती. खातेदार म्हणून भीमरावचं नाव तिथे होतं तसंच होतं.

"ताई, माझं नाव कुठं लिवलंय? दावा की एकदा. वाचता येतंय मला."

मी तिला सांगितलं की ते दाखवता येत नाही. नाव आत आहे, त्याच्याच जोरावर पाणी मिळालं, पण ते बाहेर दिसत नाही, कागदावर येत नाही. तशीच सोय केली आहे. आणि ही सोय किती हुशारीची आहे तेही मी उत्साहाने सांगू लागले.

तिने ऐकून घेतलं.

"आत हाय, राबतंय, पर दिसत न्हाई," ती म्हणाली. "मग ह्यात तुमी नवं काय केलं, ताई? ते तर लगीन झाल्यापासनं तसंच हाय."

आणि ती दारं धरायला निघून गेली.